टोब्रुकच्या उसन्या तोफा

युद्धविषयक वाङ्मयात काही कथा अशा असतात की, त्या सांगणाऱ्यास व ऐकणाऱ्यास सारख्याच प्रिय होऊन बसतात, आणि म्हणूनच त्यांची झडती घ्यावी असे कोणाच्याही मनात येत नाही. उत्तर आफ्रिकेतील टोब्रुकच्या वेढ्यात ऑस्ट्रेलियन पायदळाने इटालियनांनी टाकून दिलेल्या तोफा उचलून जो एक अनधिकृत तोफखाना उभा केला, त्याची कथा या जातीची आहे. 'बुश आर्टिलरी' हे तिचे नाव. 'बुश' म्हणजे ऑस्ट्रेलियातील वस्तीपासून दूरचे रान. तेव्हा 'रानवट तोफखाना' असे तिचे भाषांतर केल्यास फारसे बिघडणार नाही. आचारी, कारकून, ड्रायव्हर अशा मंडळींनी, ज्यांनी जन्मात कधी तोफ डागली नव्हती, त्यांनी नेम धरण्याची दुर्बीणही नसलेल्या तोफा शत्रूवर रोखल्या आणि रोमेलच्या फौजेला दाद दिली नाही, असा या कथेचा सारांश आहे. कथा मनोरंजक आहे आणि मुख्यतः खरीही आहे. परंतु खऱ्या कथेतून खोटा निष्कर्ष निघू शकतो, आणि या कथेतून तो निघालेला आहे. त्या निष्कर्षाचा भार शेवटी कोणावर पडला, हे बेळगाव परिसरातील वाचकांनी तरी जाणून घ्यावयास हवे.

या विषयावरील प्रमुख ग्रंथ दोन. पहिला चेस्टर विल्मट यांचा, १९४४ साली प्रसिद्ध झालेला. विल्मट हे ऑस्ट्रेलियन नभोवाणीचे वार्ताहर. वेढ्याच्या काळात ते प्रत्यक्ष टोब्रुकमध्ये होते. दुसरा बार्टन मॉन यांचा, ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत युद्धेतिहासाचा टोब्रुक व अल अलामीन यांसंबंधीचा खंड. तो १९६६ मध्ये निघाला. या दोहोंत बावीस वर्षांचे अंतर आहे आणि दृष्टीतही तेवढेच अंतर आहे. विल्मट यांना माणसे दिसतात, त्यांचे बोलणे ऐकू येते. युद्ध चालू असताना, आपल्या देशातील वाचकांसाठी, हाताशी असलेल्या जिवंत सामग्रीतून त्यांनी लिहिले. मॉन यांच्यापुढे दप्तरे होती. पण लोकांच्या मनातील टोब्रुक या ग्रंथांनी घडविलेला नाही. तो घडविला चित्रपटांनी : चार्ल्स शोव्हेल यांच्या १९४४ च्या 'द रॅट्स ऑफ टोब्रुक'ने, आणि त्याहून अधिक रॉबर्ट वाइज यांच्या १९५३ च्या 'द डेझर्ट रॅट्स'ने. या दुसऱ्या चित्रपटात रिचर्ड बर्टन हा ब्रिटिश कप्तान होतो, जेम्स मेसन रोमेल होतो, आणि सारा वेढा एका कप्तानाच्या आणि त्याच्या ऑस्ट्रेलियन शिपायांच्या परस्परसंबंधांत सामावतो. चित्रपट म्हणून तो वाईट नाही. परंतु वेढ्याच्या आरंभी टोब्रुकमध्ये सुमारे चौदा हजार ऑस्ट्रेलियनांबरोबर सुमारे बारा हजार ब्रिटिश आणि दीड हजाराच्या आसपास भारतीय सैनिकही होते, तटाच्या एका भागावर १८ वी कॅव्हल्री ही भारतीय पलटण घोड्यांवाचून व पुरेशा गाड्यांवाचून पायदळासारखी खंदकात बसली होती, या गोष्टीला त्या कथेत स्थान नाही.

आता मूळ घटना पाहू. २२ जानेवारी १९४१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सहाव्या डिव्हिजनने टोब्रुक इटालियनांकडून जिंकून घेतले. सुमारे पंचवीस हजार कैदी आणि दोनशेहून अधिक तोफा हाती आल्या. काडतुसे, गोळे, धान्य, पाणी शुद्ध करण्याची सामग्री, काँक्रीटचे मोर्चे असा सारा संसार इटालियनांनी मांडून ठेवलेला होता. सुमारे तीस मैल लांबीचा अर्धवर्तुळाकार तट, त्यापुढे काटेरी तारा व टँकविरोधी चर, हे सर्व इटलीच्या खर्चाने बांधले गेले होते. पुढे एप्रिलमध्ये रोमेलने मुसंडी मारली तेव्हा लेफ्टनंट जनरल होऊन पुढे प्रसिद्धीस आलेल्या मॉर्सहेडची नववी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन या तटाआड येऊन बसली. आयत्या बिळावर नागोबा, ही आपली म्हण येथे अक्षरशः लागू पडते. एवढेच की या नागोबाला स्वतःचे विषदंत पुरेसे मिळालेले नव्हते. नववी डिव्हिजन नवखी होती. तिच्याकडे गाड्यांची, मशीनगनांची, टँकविरोधी तोफांची मोठी उणीव होती. ब्रिटिशांच्या दोन-पौंडी तोफा पुरत नव्हत्या म्हणून टँकविरोधी कामासाठी इटालियनांच्या ४७ मिलिमीटरच्या लहानशा तोफा वापरात घेतल्या गेल्या. यात शौर्यापेक्षा निकड अधिक होती.

मोठ्या तोफांची गोष्ट निराळी. यांतील कित्येक तोफांच्या दुर्बिणी नाहीशा झालेल्या होत्या. तोफ हे साधे नळकांडे नव्हे. पाच-सहा हजार यार्डांवरचे लक्ष्य डोळ्यांनी दिसले तरी तेथे गोळा पडण्यासाठी तोफेच्या तोंडाला किती चढ द्यावा हे कोष्टकावरून ठरते; आणि ते कोष्टक दुर्बिणीच्या मापांशी जुळविलेले असते. दुर्बीण गेली की कोष्टकही निरुपयोगी. मग या हौशी गोलंदाजांनी काय केले? तोफेचे मागचे तोंड उघडावयाचे, नळीतून डोळा लावून पाहावयाचे, लक्ष्याची दिशा साधावयाची. नंतर तोंड वर उचलावयाचे, किती, तर अंदाजपंचे. एक गोळा सोडावयाचा, तो कोठे पडला ते पाहावयाचे, आणि मग थोडे वर, थोडे खाली, थोडे डावीकडे. तोफ फुटण्याची धास्ती असे. वाळूत महिनोन्‌महिने पडलेल्या तोफेचा मागे येणारा धक्का सोसणारी यंत्रणा शाबूत आहे की नाही हे डागल्यावाचून कळत नाही. म्हणून घोड्याला लांब दोरी बांधून, आडोशाला बसून, दुरून ती ओढण्याची चाल पडली. गोळ्यांच्या फ्यूजवरील खुणा इटालियन. काही गोळे फुटत, काही नुसतेच जमिनीत जाऊन बसत.

विनोदाला येथे भरपूर जागा आहे, आणि ती जागा सांगणाऱ्यांनी घेतलेली आहे. तोफखान्याची भाषा अंश-कलांची; या मंडळींची भाषा शेतावरची, गोदीतली. परंतु या विनोदाच्या आड एक गोष्ट झाकली जाते. गोळा पडलेला पाहून दुरुस्ती करणे ही काही रानवट युक्ती नव्हे; जगातील प्रत्येक शिकलेला गोलंदाज नेमके हेच करतो. दुर्बीण व कोष्टक यांच्यामुळे त्याला पहिला गोळा जवळपास पाडता येतो आणि दोनतीन गोळ्यांत काम होते. या हौशी मंडळींना त्यासाठी दहा गोळे लागत असले, तरी चालत होते. का चालत होते, हाच या साऱ्या कथेतील खरा प्रश्न आहे, आणि दंतकथा नेमकी तोच विचारीत नाही.

उत्तर असे की, इटालियन गोळे भरपूर होते आणि ब्रिटिश गोळे मोजके होते. टोब्रुकला येणारी प्रत्येक पेटी समुद्रमार्गे, रात्री, विमानांच्या हल्ल्यांतून आणावी लागे. पंचवीस-पौंडी तोफांच्या गोळ्यांवर दररोजचे रेशन होते. शत्रूच्या छावणीवर उगाच दोन गोळे टाकून त्याची झोप मोडावयाची, एखादी गाडी दिसली तर तिला पळवून लावावयाची, अशा किरकोळ कामासाठी हा मोलाचा दारूगोळा खर्च करणे परवडण्यासारखे नव्हते. ते काम इटालियन तोफांनी इटालियन गोळ्यांनी केले. म्हणजे बुश आर्टिलरीचे महत्त्व तिने किती शत्रू मारले यात फारसे नाही. तिने किती ब्रिटिश गोळे वाचविले यात आहे. हे वाक्य क्वार्टरमास्टरच्या वहीतले वाटेल, कथाकाराच्या वहीतले नव्हे, हे मान्य आहे. पण वेढ्याचा इतिहास मुख्यतः क्वार्टरमास्टरच्याच वहीत असतो.

प्रत्यक्ष संकटाच्या घडीला तट कोणी राखला याविषयी मात्र शंकेला जागा नाही. १४ एप्रिलच्या पहाटे, ईस्टरच्या सोमवारी, जर्मन टँक तट फोडून आत शिरले. ऑस्ट्रेलियन पायदळाने टँकांना पुढे जाऊ दिले आणि त्यांच्या मागून येणाऱ्या जर्मन पायदळाला अडवून धरले. हे धैर्य असामान्य होते. पुढे गेलेल्या टँकांवर रॉयल हॉर्स आर्टिलरीच्या शिकलेल्या ब्रिटिश गोलंदाजांनी पंचवीस-पौंडी तोफांतून समोरासमोर मारा केला. पंधराहून अधिक टँक निकामी होऊन बाकीचे परतले. रानवट तोफांनीही त्या गदारोळात भाग घेतला. पण त्या दिवशी जे निर्णायक घडले ते शिस्तीने, सरावाने आणि अधिकृत दारूगोळ्याने घडले. विल्मट यांच्या वा मॉन यांच्या वाचकाला हे कळण्यास अडचण नाही. चित्रपट पाहून आलेल्याला मात्र ते कळणे कठीण आहे.

लहान शस्त्रांच्या बाबतीत तर हिशेब अधिकच उघडा पडतो. इटालियनांची ब्रेडा मशीनगन, १९३७ च्या नमुन्याची, टोब्रुकच्या मोर्च्यांतून वापरली गेली. भक्कम हत्यार, पण तिची खाण्याची रीत विलक्षण. पट्ट्याऐवजी वीस काडतुसांची एक पत्र्याची तबकडी तिच्या बाजूने आत सरकवावयाची, आणि गोळी सुटल्यावर रिकामे कवच ही बंदूक बाहेर न फेकता सुबकपणे पुन्हा त्याच तबकडीत ठेवून देई. तबकडी परत भरावयाची तर आधी वीस कवचे एकेक करून काढावयाची! हा टापटिपीचा कळस कोणाच्या डोक्यातून निघाला असेल तो असो. महत्त्वाचे हे की, हिचे काडतूस आठ मिलिमीटरचे, इटालियन शिपायाच्या रायफलीचे साडेसहा मिलिमीटरचे, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शिपायाच्या रायफलीचे .३०३ इंचाचे. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. इटालियनांना स्वतःच्याच पायदळात दोन जातींची काडतुसे पुरवावी लागत. तेव्हा पाडाव केलेली ब्रेडा ही बंदूक नव्हे. ती बंदूक आणि तिच्या पेट्यांचा ढीग मिळून एक वस्तू आहे. ढीग संपला की उरते ते जड लोखंड. हत्यार पकडले असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर कोठार पकडलेले असते.

आणि ही उसनवारी किती जुनी! लिबियातील इटालियन फौजेकडे ज्या ७७ व १०० मिलिमीटरच्या तोफा होत्या, त्या मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पराभूत साम्राज्याकडून इटलीला त्या मिळाल्या आणि पुढे वीस वर्षे तिच्या तोफखान्यात राहिल्या. १९४० मध्ये इटलीच्या सेनापतींना त्या वापरताना आपण काही कल्पक करीत आहोत असे वाटले नाही. आपल्याकडे पैसा व पोलाद कमी आहे एवढेच त्यांना वाटले असणार. तीच वस्तू एका हातात दारिद्र्याची खूण ठरते आणि दुसऱ्या हातात प्रतिभेची. फरक तोफेत नाही. इतिहास कोणी लिहिला यात आहे.

येथे दंतकथेच्या मर्माशी आपण येतो. बुश आर्टिलरीची कथा सांगताना ती ऑस्ट्रेलियन स्वभावाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. रानात एकाकी राहणारा, मोडका नांगर तारेने बांधून चालविणारा, अधिकाऱ्याला न जुमानणारा मनुष्य. त्याने तोफही तशीच चालविली, हा युक्तिवाद. आपण मराठी वाचकांनी यास हसण्याचे कारण नाही. कोठेही थोडक्या साधनांनी मोठ्या शत्रूला चकविल्याचा उल्लेख आला की लगेच गनिमी काव्याचे नाव घेऊन तो गुण आपल्या रक्तात असल्याचे सांगणारे लेखक आपल्यातही कमी नाहीत. शिवकालीन किल्ल्यांवरील धान्याची व दारूची कोठारे किती काळजीने भरलेली असत, याकडे त्यांचे लक्ष जात नाही.

स्वभावाचा हा सिद्धांत टोब्रुकच्या तटाबाहेरच कोसळतो. कारण तटाबाहेर जर्मन होते, आणि जर्मन म्हणजे कवायत व कागद असे ज्यांचे वर्णन तेच ग्रंथकार करतात, ते जर्मन हेच करीत होते. एप्रिल १९४१ मध्ये मेकिली येथे सापडलेली ब्रिटिशांची प्रचंड बंद गाडी रोमेलने स्वतःच्या फिरत्या मुख्यालयासाठी घेतली. पुढे त्याच्या फौजेतील मालमोटारींत ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांचे प्रमाण फार मोठे झाले. ब्रिटिशांची पंचवीस-पौंडी तोफदेखील जर्मन दप्तरात गेली. तिला सेंटिमीटरचा नवा हिशेब, २८० हा क्रमांक आणि कंसात इंग्लंडचे आद्याक्षर मिळाले. प्रत्येक देशाच्या पाडाव केलेल्या शस्त्रास्त्रांसाठी अशा क्रमांकांची यादीच बर्लिनने सिद्ध केली होती. एकाने जे दोरी बांधून केले, ते दुसऱ्याने रकाने आखून केले. गरज एक, मार्ग दोन. यात रानाचा संबंध कोठे येतो?

उसनवारीच्या मर्यादा पाहावयाच्या असतील तर आपल्याच पूर्व सीमेवरील १९४४ चे उदाहरण पुरेसे आहे. इंफाळवर चालून येताना जपानी सेनापती मुतागुची याने आपल्या सैन्याबरोबर सुमारे तीन आठवड्यांची शिधासामग्री दिली, आणि त्यापुढे ब्रिटिशांची कोठारे हस्तगत करून निभावावे असा बेत आखला. पूर्वीच्या मोहिमांत ब्रिटिश पळताना सारे टाकून जात. त्या आयत्या मालाला जपानी शिपाई चर्चिलच्या नावाने ओळखीत. १९४४ मध्ये ब्रिटिश पळाले नाहीत. त्यांना विमानांतून रसद मिळत राहिली, आणि उपाशी जपानी सैन्य पावसाळ्यात चिंदविनकडे परतताना रस्त्यावर मरून पडले. भिकेची हंडी शिंक्याला चढत नाही. मुतागुचीचे सैनिक ऑस्ट्रेलियनांहून कमी चिवट होते असे कोणीही म्हणणार नाही. टोब्रुकमध्ये कोठार आधी हातात होते आणि मग त्याचा उपयोग सुचला. इंफाळला उपयोग आधी ठरला आणि कोठार शत्रूच्या हातात होते.

आता ज्यासाठी ही चर्चा आरंभिली तो भाग. डिसेंबर १९४१ मध्ये टोब्रुकचा वेढा उठला. पुढील जूनमध्ये रोमेल पुन्हा आला, आणि जे गाव आठ महिने टिकले होते ते एका दिवसात गेले. २० जून १९४२ च्या पहाटे बाँबफेकी विमानांच्या लाटांमागून जर्मन टँकांचा मुख्य घाव तटाच्या आग्नेय भागावर, अकराव्या भारतीय ब्रिगेडवर पडला. आणि त्या ब्रिगेडमध्ये ज्या पलटणीच्या मोर्च्यांतून तट फुटला ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. सायंकाळपर्यंत टँक बंदरात पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण आफ्रिकी सेनापती क्लॉपर याने शरणागती पत्करली. तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले.

लोकप्रिय इतिहासांत या दोन वर्षांची तुलना अटळ असते, आणि ती बहुधा एका वाक्यात उरकली जाते : १९४१ मध्ये स्वाभिमानी, कल्पक माणसांनी जे राखले ते १९४२ मध्ये गेले. वाक्यात आरोप नाही. पण आधीची शंभर पाने कल्पकतेच्या स्तुतीने भरलेली असल्यावर आरोप लिहावा लागत नाही, तो वाचकाच्या मनात आपोआप तयार होतो. ज्यांनी दोरी बांधून तोफ डागली नाही त्यांच्यात काही उणे होते, असे त्याला वाटू लागते. मराठा शिपायावर अन्याय होतो तो येथे, आणि तो एका आनंदी, निरागस कथेच्या द्वारे होतो.

वस्तुस्थिती काय होती? फेब्रुवारी १९४२ मध्येच ऑकिनलेक व त्याचे आरमारी आणि वैमानिक सहकारी यांनी टोब्रुक पुन्हा वेढ्यात सापडू द्यावयाचे नाही असे ठरविले होते. त्यामुळे तटाची निगा संपली. टँकविरोधी चर वाळूने जागोजाग भरून गेला. तटापुढील सुरुंगांपैकी बरेच उकरून गझालाच्या नव्या आघाडीकडे नेण्यात आले. मग जूनच्या मध्याला, गझालाची लढाई हरल्यावर, टोब्रुक राखावे असा निर्णय घाईघाईने झाला. टँकविरोधी तोफा विखुरलेल्या होत्या, त्यांची एकत्र योजना कोणी केलेली नव्हती. १९४१ च्या ऑस्ट्रेलियनांपाशी टोब्रुक पडल्यापासून वेढा पडेपर्यंत अकरा आठवड्यांत साचलेले एक अख्खे इटालियन कोठार होते, भक्कम चर होता, सुरुंग होते, आणि पाठीशी शिकलेला तोफखाना होता. मराठ्यांपाशी थोडे दिवस होते. कल्पकतेलाही सामान लागते, आणि ते सामान तेथून आधीच हलविलेले होते.

भारताच्या व पाकिस्तानच्या संयुक्त इतिहास विभागाने १९५६ मध्ये काढलेला, भरुचा यांनी लिहिलेला उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेचा ग्रंथ आणि दक्षिण आफ्रिकेचा १९५२ चा, एगर-हॅमिल्टन व टर्नर यांचा ग्रंथ ही दोन्ही पुस्तके हे सर्व समजून घेण्यास उपयोगी आहेत. परंतु ती ग्रंथालयांत आहेत, आणि चित्रपट सर्वत्र आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असून त्या छावणीवरून रोज जाणाऱ्या मराठी व कोकणी वाचकाला किरेन माहीत असेल, इटलीतील यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस माहीत असतील. विजयांची स्मृती राखणे सोपे असते. दुसऱ्या पलटणीच्या २० जूनची हकीकत मराठीत कोणी सविस्तर, नकाशा पुढे ठेवून, तासातासाने सांगावयास हवी होती. आणि ती सांगताना कैफियतीचा सूर लावण्याची काहीएक गरज नव्हती.

त्या पलटणीतील जे वाचले त्यांना जर्मनांनी उत्तर आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे इटालियनांच्या ताब्यात दिले. इटालियनांनी बांधलेल्या काँक्रीटच्या मोर्च्यांत ते लढले होते. तेथून समुद्रापलीकडे इटलीतील कैद्यांच्या छावण्यांत त्यांची रवानगी झाली.